आम्ही कुठे थांबलो

नियतकालिकांच्या अखेरच्या पानांवर पूर्वी 'साभार पोच' नावाचे एक सदर असे. अभिप्रायार्थ आलेल्या पुस्तकांची ती यादी: पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशन, पृष्ठसंख्या, मूल्य. ज्यांच्या वाट्याला सविस्तर परीक्षण येण्याची शक्यता नसे अशा पुस्तकांपैकी काहींना त्याच पानावर तीन-चार ओळींचा अभिप्राय मिळे. उरलेल्यांची नुसतीच पोच. १९९० च्या दशकात आम्ही एका नियतकालिकासाठी हे तीन-चार ओळींचे काम सहा वर्षे केले. दिवसा महाविद्यालयात मराठी शिकवायचे आणि रात्री गठ्ठ्यातून एकेक पुस्तक उपसून त्याचा निकाल लावायचा. मानधन नव्हते, पुस्तके ठेवून घेण्याची मुभा होती.

त्या तीन ओळींचा आम्हांला तेव्हा मोठा अभिमान होता. 'प्रतिमासृष्टी परिचयाची आहे', 'अनुभवाला पुरेशी खोली नाही', 'पुढील लेखनाविषयी अपेक्षा वाढवणारा संग्रह' अशी वाक्ये आमच्या खिशात सुट्या नाण्यांसारखी खुळखुळत असत. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना अधिक सांगायला नको. आज, निवृत्तीनंतर, आम्ही पुन्हा तेच काम करीत आहोत. फरक इतकाच, की निकाल पुस्तकांचे नाहीत, व्हिडिओ गेम्सचे आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी नाके मुरडण्यापूर्वी ही वेळ आमच्यावर कशी आली ते सांगणे भाग आहे.

२०२१ साली आमची भाची संगणकशास्त्र शिकण्यासाठी पुण्यास आमच्याकडे राहायला आली, ती एक भलामोठा संगणक घेऊनच. मामाने आयुष्यभर कादंबऱ्या शिकवल्या, तेव्हा त्याला 'डिस्को एलिझियम' दाखवलाच पाहिजे, असे तिने ठरवले. हा २०१९ चा खेळ, एस्टोनियात मुळे असलेल्या एका चमूने केलेला. त्याचा प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्वित्झ हा आधी कादंबरीकार; याच कल्पित जगावर त्याने २०१३ साली एस्टोनियन भाषेत कादंबरी प्रसिद्ध केली होती. खेळाचा नायक स्मृती गमावून बसलेला एक पोलीस अधिकारी. खानावळीच्या माडीवरल्या खोलीत तो शुद्धीवर येतो, आणि त्याच्या स्वभावाचे चोवीस गुणधर्म चोवीस आवाजांत त्याच्याशी बोलू लागतात. तर्क एक सांगतो, सहानुभूती दुसरे, आणि देहाची जुनी हाव तिसरेच. हातघाईची लढाई जवळजवळ नाहीच. आहे तो संवाद, पानेच्या पाने.

आमचा नायक पहिल्याच खोलीत, छताच्या पंख्याला अडकलेला स्वतःचा टाय ओढताना हृदय बंद पडून मेला. पुन्हा आरंभ केला. दोन-तीन संध्याकाळी खेळून आम्ही वहीत लिहिले: 'शब्दबंबाळ. लेखकाला संपादक भेटलेला दिसत नाही.' भाचीने ते वाचले.

"मामा, तू किती खेळलास?"

"बराच," आम्ही म्हणालो.

"दोन तास चाळीस मिनिटं. हे बघ, इथे लिहिलेलं असतं."

खरोखरच पडद्याच्या एका कोपऱ्यात ते लिहिलेले होते. पंचवीस-तीस तासांच्या खेळातले दोन तास चाळीस मिनिटे. ज्या खुनाच्या तपासासाठी आमचा अधिकारी त्या गावात आला होता, त्यातले प्रेत अजून झाडावरून खालीदेखील उतरले नव्हते, आणि आम्ही निकाल देऊन मोकळे झालो होतो.

पुस्तक अशी चुगली करीत नाही. परीक्षक कोणत्या पानावर थांबला याची नोंद पुस्तकात कोठेही राहत नाही, आणि परीक्षणात तर नाहीच नाही. मलपृष्ठ, प्रस्तावना, पहिल्या दहा कविता आणि शेवटची एक, एवढ्यावर आम्ही कितीतरी निकाल दिले. ते सगळे चुकीचे होते असे नाही. बरेचसे बरोबरच असावेत. पण भाचीने दाखवलेल्या त्या आकड्यापुढे आम्हांला एक जुनी भेट आठवली, जी विसरण्याचा आम्ही बारा वर्षे प्रयत्न करीत होतो.

२००९ च्या सुमारास एका तालुक्याच्या गावी व्याख्यानासाठी गेलो होतो. कार्यक्रमानंतर एक गृहस्थ पुढे आले. चाळिशी उलटलेली, गावात त्यांचे कृषी सेवा केंद्र होते. "सर, तुम्ही माझ्या संग्रहावर लिहिलं होतंत," ते म्हणाले, आणि आमच्याच तीन ओळी त्यांनी आम्हांला तोंडपाठ म्हणून दाखवल्या. 'शहरी एकाकीपणाच्या त्याच त्या प्रतिमा. कवी खेड्यातला असूनही खेडे कोठे दिसत नाही. पुढील संग्रहाची वाट पाहण्यास हरकत नाही.' मग ते शांतपणे म्हणाले, "सर, खेडं पान छत्तीसपासून आहे." त्या स्वरात तक्रार नव्हती. खताचे पोते कोणत्या थप्पीत आहे हे गिऱ्हाइकाला सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले. चहा झाला, त्यांनी आम्हांला गाडीपर्यंत पोहोचवले. पुढचा संग्रह कधी आला नव्हता. आमच्या तीन ओळींमुळे तो आला नाही असे मानणे हाही एक प्रकारचा अहंकारच ठरेल. त्या माणसाला दुकान होते, शेती होती, घर होते. पण ओळी त्यांना पाठ होत्या, एवढे खरे.

म्हणून या दुसऱ्या डावात आम्ही एकच नियम केला आहे. प्रत्येक निकालाच्या शेवटी आम्ही कुठे थांबलो ते लिहायचे. खालील टिपणे गेल्या तीन-चार वर्षांतली आहेत. प्रकार निरनिराळे आहेत. क्रम आम्ही ज्या क्रमाने खेळलो तोच ठेवला आहे.

राजी : अॅन एन्शन्ट एपिक (२०२०)

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ची निर्मिती. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. राजस्थानी वास्तुकला, पहाडी चित्रशैलीचे रंग, कथाभाग सांगायला छायाबाहुल्या, आणि या सर्वांवर दुर्गा आणि विष्णू यांचे आपापसांतले बोलणे. चित्रकार जिंकले आहेत. सज्जे, जलाशय, भिंतींवरल्या कथा पाहत आम्ही कितीदा तरी नुसते उभे राहिलो. खांबाला धरून गिरकी घेत शत्रूवर झेप घालणारी राजी पाहून मल्लखांबाची आठवण होते, आणि ती आठवण खेळाला शोभते. मात्र लढाया एकसुरी होतात. शस्त्र बदलले तरी बोटांचे काम तेच राहते. कथा शेवटी संपत नाही, तुटते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आला आणि खेळ एकदम घरचा वाटू लागला; मूळ इंग्रजीत विष्णूने दिलेले टोमणे कोणत्याही कीर्तनकाराने नापास केले असते.

थांबलो: शेवटपर्यंत गेलो. एक लढाई मात्र भाचीने लढली. ती लढाई कशी होती, ते आम्हांला म्हणूनच सांगता येत नाही.

वेन्बा (२०२३)

टोरोंटोच्या 'विसई गेम्स'ने केलेला, स्वयंपाकाचा खेळ. 'वेण्पा' हे तमिळमधल्या एका अभिजात छंदाचे नाव; येथे ते नायिकेचे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती नवऱ्यासह कॅनडात येते, तेथे मुलगा होतो, आणि आईकडून आणलेली पाककृतींची वही हळूहळू फाटत-पुसत जाते. खेळणाऱ्याने पुसलेल्या ओळी अंदाजाने भरायच्या. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या म्हणजे वाफ वरपर्यंत जाईल, पुट्टूचे थर कोणत्या क्रमाने भरायचे, असली कोडी. चुकलात तर शिक्षा नाही, पुन्हा करा.

ज्यांच्या घरी आईची हळदीचे डाग पडलेली वही आहे, त्यांना या खेळाविषयी वेगळे सांगायला नको. त्या वहीत प्रमाणे कधीच नसतात. 'अंदाजाने' हाच शब्द असतो. खेळाचा मोठेपणा असा, की त्याने या 'अंदाजाने'चेच कोडे केले. शेवटी शेवटी सूत्रे मुलाच्या हाती येतात, आणि त्याला आईच्या भाषेतली वही नीट वाचता येत नाही. जे कालपर्यंत आपल्याला सरळ वाचता येत होते, त्यात आता गाळलेल्या जागा दिसतात. भाषा हरवते म्हणजे नेमके काय होते, यावर आम्ही वर्गात दरसाल एक तास घेत असू. तो तास येथे पाच मिनिटांत होतो, आणि अधिक चांगला होतो. दोष एकच: वर्षांच्या उड्या फार मोठ्या आहेत. बाप हा माणूस आम्हांला पुरता कळलाच नाही.

थांबलो: शेवटपर्यंत. सुमारे दोन तास. नंतर उठून बहिणीला फोन केला.

बलाट्रो (२०२४)

पत्त्यांचा खेळ. कर्ता कॅनडातला, 'लोकलथंक' या टोपणनावाने वावरणारा एकटा माणूस. पोकरमधले हात लावायचे, पण समोर प्रतिस्पर्धी नाही; गाठायची आहे एक वाढत जाणारी गुणसंख्या. नियम मोडणारे दीडशे जोकर आहेत आणि त्यांतले मोजकेच एका वेळी जवळ ठेवता येतात. एक जोकर गुणांत भर घालतो, दुसरा त्यांचा गुणाकार करतो, तिसरा त्या गुणाकाराचाही गुणाकार. आणि मग एका साध्या जोडीतून लाखांचा आकडा उसळतो. युरोपातल्या वर्गीकरण संस्थेने जुगाराच्या चित्रणावरून याला आधी अठरा वर्षांवरील ठरवले आणि २०२५ साली, दाद मागितल्यावर, बारा वर्षांवर आणले. खेळात पैसा लावता येत नाही. लावला जातो तो वेळ.

अलंकारशास्त्र शिकवणाऱ्यांनी हा खेळ एकदा पाहावा. कोणताही जोकर एकटा फारसे काही करीत नाही. शेजारी कोण बसला आहे यावर त्याचे मोल ठरते, आणि डावीकडचा उजवीकडे नेला की हिशेब बदलतो. शब्दांचेही असेच असते, हे सांगण्यासाठी आम्हांला एरवी पुष्कळ उदाहरणे द्यावी लागतात. पण या खेळाला सांगायचे असे काही नाही आणि तो तसा आवही आणत नाही. 'पत्ते कुटणे' या वाक्प्रचारात आपल्या भाषेने जो निकाल आधीच देऊन ठेवला आहे, तो आम्ही येथे नम्रपणे कायम करतो.

थांबलो: आठवी फेरी तीनदा पार केली. एकूण ७१ तास. हा आकडा लिहिताना आम्हांला 'डिस्को एलिझियम'चे दोन तास चाळीस मिनिटे आठवले, आणि लाज कोणत्या आकड्याची अधिक वाटावी ते ठरेना.

ब्ल्यू प्रिन्स (२०२५)

कोड्यांचा खेळ. टोंडा रॉस याने आठ वर्षे खपून केलेला. सायमन नावाच्या मुलाला नातलगाच्या मृत्युपत्रान्वये पंचेचाळीस खोल्यांचा वाडा मिळणार आहे, अट एकच: त्यातली सेहेचाळिसावी खोली शोधून काढायची. दार उघडताना तीन खोल्यांचे नकाशे पुढे येतात, त्यांतली एक आपण निवडायची. पाऊल टाकावे तसा वाडा घडत जातो. रात्र झाली की सारे पुसले जाते आणि उद्या नवा वाडा. जवळ उरते ती मुख्यतः आपण कागदावर टिपून ठेवलेली माहिती.

टिपणवही घेऊन बसावे लागणारा हा पहिलाच खेळ आम्हांला भेटला, आणि बत्तीस वर्षांच्या अध्यापनात जी सवय लागली तिचा येथे प्रथमच उघड उपयोग झाला. भिंतीवरले चित्र, पत्रातला एक विचित्र शब्द, ग्रंथालयातले पुस्तक, सारे काही कोठेतरी जुळते. रहस्यकथेत लेखक आपल्याला सूत्र देतो. येथे सूत्र समोर पडलेले असते आणि ते सूत्र आहे हे कोणी सांगत नाही. तक्रार खरी आहे ती अशी: उत्तर कळूनही हवी ती खोली पुढे येत नाही, आणि दोन-दोन संध्याकाळी नशिबाची वाट पाहण्यात जातात. ज्ञानाला मान देणाऱ्या खेळाने ज्ञान झालेल्या माणसाला इतके ताटकळत ठेवू नये.

थांबलो: सेहेचाळिसाव्या खोलीत. खेळ तेथे संपत नाही, असे वाड्यातले कागद सांगतात. आम्ही तेथे संपलो.

क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३ (२०२५)

फ्रान्समधल्या मॉन्पेलिए येथील 'सँडफॉल इंटरॅक्टिव्ह'चा, पात्रांची भूमिका घेऊन खेळायचा लांबलचक खेळ. दूर समुद्रापार एक चित्रकर्ती वर्षातून एकदा उठते, शिलास्तंभावर एक आकडा रंगवते, आणि त्या वयाची सारी माणसे धुरासारखी विरून जातात. आकडा दरवर्षी एकाने उतरतो. तो तेहेतिसावर आला आहे. ज्यांना एकच वर्ष उरले आहे असे काही जण तिला थांबवायला निघतात.

कल्पना इतकी साधी आणि भीषण आहे की ती लोककथेत शोभावी. पहिल्या तासाभरात बंदरावर जो निरोप समारंभ होतो, तो आम्ही या माध्यमात पाहिलेल्या उत्तम प्रसंगांपैकी एक. सर्वांना ठाऊक आहे कोण जाणार आहे, तरी बोलणे चालते ते किरकोळ गोष्टींविषयी. लढाया आळीपाळीने होतात, पण शत्रूचा घाव चुकवायचा तर कळ अचूक क्षणी दाबावी लागते. घाव समेवर येत नाही. मुद्दाम अर्धी मात्रा रेंगाळून येतो. मर्ढेकरांनी सांगितलेली लयीची तत्त्वे, संवाद, विरोध आणि समतोल, आम्ही फळ्यावर रेघा ओढून किती वर्षे शिकवली. बोटांना ती येथे कळली. शेवटी आम्ही डोळे पडद्यावरून काढून नुसत्या आवाजावर मात्रा मोजू लागलो, तेव्हा थोडेफार जमले.

आक्षेप एक आहे. उत्तरार्धात कथा आपल्याच पायाखालची जमीन ओढून घेते. ती युक्ती धीट आहे, परंतु पूर्वार्धात ज्या सामान्य माणसांसाठी आपला जीव तुटला, त्यांचे मोल पुढे काही मोजक्यांच्या घरगुती दुःखापुढे घटते. शेवटी दोन वाटा समोर येतात. दोन्हींचे समर्थन करता येते. आम्ही जी निवडली तिच्यामुळे रात्री नीट झोप लागली नाही, हीच तिची प्रशंसा.

थांबलो: शेवटपर्यंत, सर्वांत सोप्या पातळीवर. अवघड पातळीवर हा खेळ कसा आहे, त्याविषयी आमचा निकाल वाचू नये.

स्प्लिट फिक्शन (२०२५)

स्टॉकहोमच्या 'हेझलाइट'चा, दोघांनीच खेळायचा खेळ. एकट्याने खेळताच येत नाही. मीओ आणि झोई या दोन अप्रकाशित लेखिका. एक विज्ञानकथा लिहिणारी, दुसरी अद्भुतकथा. प्रकाशक म्हणवणारी एक कंपनी त्यांना यंत्रात घालून त्यांच्या कल्पना चोरू पाहते, आणि दोघी एकमेकींच्या कथांमध्ये अडकतात. भाची शिक्षण संपवून बंगळुरूस नोकरीला गेली आहे. दिवाळीला आली तेव्हा चार रात्री जागून आम्ही हा पुरा केला.

दर वीस मिनिटांनी खेळाचे नियम बदलतात. आता उडायचे, आता घसरायचे, आता दोघींनी डुकरे व्हायचे. आणि डुकरांच्या त्या गोजिरवाण्या प्रसंगाचा शेवट कारखान्यात सॉसेज होण्यात होतो, तेव्हा आम्ही दोघेही हसावे की नाही या संभ्रमात हसलो. रचनाकारांची कल्पकता थक्क करणारी आहे. गंमत अशी, की ज्या दोन लेखिकांच्या प्रतिभेसाठी ही सारी धडपड, त्यांच्या कथा तद्दन साधारण आहेत. आमच्या जुन्या सदरात त्यांना दोन ओळीही मिळाल्या नसत्या.

हे आम्ही भाचीला बोलून दाखवले. ती म्हणाली, "पण मामा, त्या कुठे छापून आल्यात अजून? पहिलंच लिहितायत त्या." आम्ही कंट्रोलर खाली ठेवून पाणी प्यायला गेलो.

थांबलो: शेवटपर्यंत, दुसऱ्याच्या सोबतीने. अर्धा निकाल तिचा धरावा.

हॉलो नाइट : सिल्कसाँग (२०२५)

ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या 'टीम चेरी' या मोजक्या माणसांच्या चमूने २०१९ साली जाहीर केलेला आणि २०२५ च्या सप्टेंबरात आलेला खेळ. आला त्या दिवशी विक्रीची संकेतस्थळे कोलमडली. सुई आणि रेशीम हीच शस्त्रे असलेली हॉर्नेट ही कीटककन्या एका परक्या, भक्तीने झपाटलेल्या राज्यात खालून वर चढत जाते. हाताने काढलेली चित्रे, घंटांचे नाद, वाटेत भेटणारे थकलेले यात्रेकरू. एवढ्यावर आम्ही पूर्वी तीन सुरेख ओळी लिहिल्या असत्या.

पण पहिल्या अंकाच्या शेवटी, गडाच्या दारात, एक राखणदार उभा आहे. त्याचे नाव 'लास्ट जज', म्हणजे अखेरचा न्यायाधीश. हातात साखळीला बांधलेले पेटते धुपाटणे. तो आम्हांला मारतो. मेल्यावर बऱ्याच अंतरावरल्या बाकावरून पुन्हा उठायचे, वाऱ्याच्या झोतांतून, उड्या मारत, त्याच्या दारापर्यंत परत यायचे, आणि पुन्हा मरायचे. एकदा तो आमच्या हातून पडला, आणि पडता पडता त्याचा स्फोट झाला, त्यात आम्हीही गेलो.

बोटांचे सांधे आता पूर्वीसारखे वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वयोमान. दिवाळीत भाची म्हणाली, "दे, मी पाडून देते त्याला. पुढचं बघ तरी." आम्ही नको म्हणालो. 'राजी'च्या वेळी ती चूक एकदा झाली होती, आणि पान छत्तीसची त्याहून बरीच आधी. या दाराच्या पलीकडे जो गड आहे, त्याविषयी लोक भरभरून बोलतात. आम्हांला त्याविषयी काहीही म्हणण्याचा अधिकार नाही. हा खेळ अवघड आहे हा त्याचा दोष, की आमचा हात, याचाही निर्णय आम्हांला करता येत नाही. आणि निर्णय न करता एखादे टिपण संपवण्याची आम्हांला सवय नाही.

थांबलो: न्यायाधीशाच्या दारात. प्रयत्न ५८. निकाल राखून ठेवला आहे.

त्या अठ्ठावन्नाव्या रात्री संगणक बंद करून आम्ही मागच्या खोलीत गेलो. ठेवून घेण्याची मुभा असलेली ती सारी पुस्तके तेथे मांडणीवर आहेत. किती वर्षांत हात लागलेला नाही. तो संग्रह सापडायला पाऊण तास लागला. चौसष्ट पानी, कव्हरचा निळा रंग उडून राखाडी झालेला, आत अभिप्रायार्थ पाठवल्याची चिठ्ठी तशीच. समासात आमच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या: एक प्रश्नचिन्ह, दोन फुल्या, एके ठिकाणी 'पुन्हा तेच'. शेवटची खूण पान एकतीसवर होती. पुढली पाने कोरी, म्हणजे कवीने छापलेली आणि आमच्याकडून कोरी.

खेडे खरोखरच पान छत्तीसपासून आहे. पहिल्या पस्तीस पानांतला तरुण ज्या खोलीत एकटा बसून असतो, ती कोणाची आहे, तिचे भाडे कोणत्या पिकावर जाते, हे तेथे कळते, आणि मागच्या त्याच त्या प्रतिमा तितक्या त्याच त्या राहत नाहीत. पूर्वार्ध मुद्दाम तसा रचलेला होता. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाने एक बेत आखला होता आणि त्याचा वाचक अर्ध्यावर उठून गेला होता.

तेव्हा तीस वर्षे उशिराचा हा अभिप्राय, जुन्या सदराच्या मापात. संग्रहातील काही कविता सैल आहेत, आणि पूर्वार्धाची वाट वाचकाचा धीर सुटावा इतकी लांबली आहे. उत्तरार्धातील सात-आठ कविता तिच्याखेरीज उभ्या राहिल्या नसत्या. खेडे दिसत नाही, हे आमचे विधान चुकीचे होते.

थांबलो: पान ६४.